साचा, डोळे आणि पंधरा दिवस

आमच्या धंद्यात 'रीयूज' हा शब्द फार आदराने उच्चारला जातो. प्रत्येक नव्या प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "यावेळी आपण सगळं रीयूजेबल बनवूया." सगळे माना डोलावतात. सहा महिन्यांनी बघावं तर जुन्या प्रोजेक्टचा फोल्डर कॉपी करून त्याचं नाव बदललेलं असतं, आणि आत कुठेतरी खोलवर जुन्या क्लायंटचा लोगो तसाच बसलेला असतो. तुमच्यापैकी जे आयटीत आहेत ते आत्ता गालातल्या गालात हसले असतील. जे नाहीत त्यांनी लगेच पळून जाऊ नये. आज विषय कामाचा असला तरी मध्ये एक रॉकेट आहे, पेणचे गणपती आहेत आणि तुमच्या-माझ्या विम्याचा हप्ताही आहे.

ही रीयूजची हौस आजकालची नाही. 1968 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली होती. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रुळला तो तिथून. त्या परिषदेत बेल लॅब्जच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी मांडलं की इलेक्ट्रॉनिक्सवाले जसे कॅटलॉग बघून सुटे भाग मागवतात, तसे सॉफ्टवेअरचेही भाग मिळायला हवेत. कमी अचूकतेचा, जास्त अचूकतेचा, वेगवान, कमी मेमरी खाणारा, जसा हवा तसा. आज मागे वळून बघितलं तर निम्मं स्वप्न अगदी छान पूर्ण झालंय. पीडीएफ बनवायची आहे, तारखा वाचायच्या आहेत, एन्क्रिप्शन करायचंय? फुकट लायब्ररी घ्या, जोडा, मोकळे व्हा.

उरलेल्या निम्म्याचं काय? आमच्या कामाचा खरा गाभा असतो तो म्हणजे पॉलिसी, हप्ता, नॉमिनी, क्लेम, आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नियम. तो कुठल्याच लायब्ररीत मिळत नाही. तो दर प्रोजेक्टला नव्याने लिहिला जातो किंवा जुन्यातून उचलला जातो. आणि उचलताना एक गोष्ट हमखास मागे राहते. ती कोणती, हे समजायला रॉकेटकडे जावं लागेल.

4 जून 1996. फ्रेंच गयानामधल्या कुरू तळावरून एरियान 5 या युरोपियन रॉकेटचं पहिलं उड्डाण. रॉकेट कुठल्या दिशेने किती वेगाने चाललंय हे सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान 4 मधून घेतलेलं होतं. वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललेला कोड, मग तो नव्याने कशाला लिहायचा? रीयूजचं आदर्श उदाहरण! त्यात एका ठिकाणी आडव्या वेगाशी संबंधित एक 64 बिटची संख्या 16 बिटच्या डब्यात भरली जात होती. त्या डब्यात 32,767 च्या वर काही मावत नाही. एरियान 4 चा आडवा वेग तेवढा कधी वाढतच नसे. एरियान 5 चा मार्ग वेगळा, आडवा वेग कितीतरी जास्त. डबा ओसंडला, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे ती आधीच त्याच कारणाने आडवी झालेली. चाळीसेक सेकंदांत रॉकेट आणि त्यावरचे क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह, सगळ्याचा चुराडा झाला. आणि कहर म्हणजे जो हिशोब करताना हे घडलं, त्याची एरियान 5 ला उड्डाणानंतर गरजच नव्हती!

चौकशी समितीच्या अहवालातला एक भाग मला रॉकेटच्या स्फोटापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. अशा धोक्याच्या सात संख्या होत्या. त्यातल्या चारांना संरक्षण दिलेलं होतं, तीन तशाच ठेवल्या होत्या. गाफीलपणाने नव्हे, विचार करून. 'या संख्या एवढ्या मोठ्या होणारच नाहीत' असा हिशोब केलेला होता आणि एरियान 4 साठी तो बरोबरही होता. फक्त त्या निर्णयाचं कारण कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे बघा, कोड एका रॉकेटमधून दुसऱ्यात गेला, पण त्यामागचं गृहीतक जुन्या रॉकेटमध्येच राहून गेलं.

आता मॉडेल-ड्रिव्हन डेव्हलपमेंटकडे वळू. नाव भारदस्त आहे, कल्पना सोपी आहे. कोड हा मूळ दस्तऐवज मानायचाच नाही. आधी व्यवसायाचं मॉडेल तयार करायचं. 'पॉलिसीला हप्ते असतात. हप्ता चुकला की सवलतीचा काळ सुरू होतो. तोही उलटला की पॉलिसी बंद पडते.' यात जावा नाही, ओरॅकल नाही, मोबाइल नाही. मग हे मॉडेल एका जनरेटरला द्यायचं आणि त्याने त्यातून हव्या त्या प्लॅटफॉर्मचा कोड काढायचा. ओएमजी नावाच्या संघटनेने 1997 मध्ये यूएमएल या चित्रभाषेला मान्यता दिली होती. त्याच संघटनेने 2001 मध्ये 'मॉडेल-ड्रिव्हन आर्किटेक्चर' असं नाव देऊन या विचाराचा झेंडा रोवला. विचार तसा जुनाच. 1957 साली फोरट्रान आलं तेव्हाही मशीनची भाषा हाताने लिहिणाऱ्यांना वाटलंच होतं की यंत्राने काढलेला कोड आपल्याइतका चांगला कसा असेल. आज कम्पायलरने काढलेला कोड कुणी उघडूनही बघत नाही.

मला स्वतःला हे सगळं नीट समजलं ते पेणला. गणपतीच्या आधी तिथल्या कारखान्यात गेलात तर दिसेल, आधी एक कसबी मूर्तिकार मातीची मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावरून साचा निघतो. साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. मग रंग, दागिने, पितांबर हे ज्याच्या त्याच्या मागणीप्रमाणे. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती मात्र हातानेच, आणि ती ज्याच्या-त्याच्या हातात देत नाहीत. साचा वापरून वापरून झिजतो, तो टाकून नवा करतात. मूळ मूर्ती जपून ठेवतात. आणि कुणाला उजव्या सोंडेचा गणपती हवा असेल तर साच्यातून निघालेल्या मूर्तीची सोंड कुणी ओढून फिरवत नाही. तिच्यासाठी वेगळी मूळ मूर्ती करतात.

तर मूळ मूर्ती म्हणजे मॉडेल, साचा म्हणजे जनरेटर, मूर्ती म्हणजे कोड आणि डोळे म्हणजे हाताने लिहायचा भाग. एवढं लक्षात ठेवलं तर या विषयावरची निम्मी पुस्तकं वाचायची गरज नाही. (उरलेली निम्मी वाचलीत तर झोप उत्तम लागते.)

2000 च्या दशकात या गोष्टीचा भलताच गाजावाजा झाला. आता प्रोग्रॅमरची गरज संपली, चित्रं काढा आणि बटण दाबा, असं सेल्सवाले सांगत फिरायचे. प्रत्यक्षात काय झालं? चित्र काढायच्या टूलने एक फाइल बनवायची, ती दुसऱ्या टूलमध्ये धड उघडायची नाही. दोघांनी एकाच चित्रात बदल केले तर ते एकत्र कसे करायचे, हे कुणालाच माहीत नसायचं. कोडच्या दोन आवृत्त्यांमधला फरक ओळीओळीने दिसतो, पण चित्रातला चौकोन दोन इंच डावीकडे सरकला हा बदल महत्त्वाचा की बिनमहत्त्वाचा? वर घाईच्या वेळी कुणीतरी थेट जनरेट झालेल्या कोडमध्येच दुरुस्ती करायचा. म्हणजे मूर्तीची सोंड हाताने फिरवायचा. पुढच्या वेळी बटण दाबलं की दुरुस्ती गायब! मग लोक बटण दाबायलाच घाबरायचे. आणि ज्या जनरेटरचं बटण दाबायला माणूस घाबरतो तो जनरेटर मेला म्हणून समजावं.

यावर उपाय नव्हते असं नाही. डिझाइन पॅटर्न्सच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक जॉन व्लिसिडीस. त्यांनी 'जनरेशन गॅप' नावाचा पॅटर्न सांगितला होता. जनरेट झालेला कोड एका क्लासमध्ये, हाताने लिहिलेला दुसऱ्या, त्याच्या पोटी जन्मलेल्या क्लासमध्ये. दोन्ही एका फाइलमध्ये कधीच नाहीत. 2005 मध्ये सी शार्पमध्ये 'पार्शल क्लास' आले तेही याच गरजेतून. डोळ्यांचा रंग वेगळ्या वाटीत ठेवा, इतकंच.

आणि गाजावाजा विरला म्हणून ही पद्धत संपली असंही नाही. जिथे तिची खरी गरज होती तिथे ती गुपचूप नांदते आहे. पॅरिस मेट्रोची 14 नंबरची लाइन 1998 मध्ये ड्रायव्हरशिवाय सुरू झाली. तिच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर 'बी' नावाच्या गणिती पद्धतीने मॉडेल करून, सिद्ध करून, त्यातून काढलेलं आहे. तुमच्या गाडीतल्या कंट्रोलरमधला बराचसा कोड सिम्युलिंकच्या मॉडेलमधून निघतो. हिंजवडीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या इंजिनिअरला विचारून बघा. आपल्या पुण्याचा तर याच्याशी जुना संबंध आहे. टीसीएसने 1981 मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. तिथे मॉडेलमधून मोठ्या व्यवसायांची सॉफ्टवेअर्स काढायची 'मास्टरक्राफ्ट' ही टूल्स घडली. तिथल्याच विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांचा या विषयावरचा लेख 2003 मध्ये 'आयईईई सॉफ्टवेअर'मध्ये आला होता. त्याचा गाभा असा की व्यवसायाचे नियम, स्क्रीन, डेटाबेस या बाबी वेगवेगळ्या मांडायच्या आणि कोड काढताना एकत्र गुंफायच्या. म्हणजे एक बदलली तर दुसरीला धक्का नको.

आता आमच्या घरची गोष्ट.

आमची टीम आयुर्विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करते. 2006 च्या सुमारास आमच्या मास्तरांनी (टीममध्ये सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, अगदी मॅनेजरसुद्धा) एका परदेशी टूलमध्ये अख्ख्या पॉलिसीचं मॉडेल उभं केलं. पॉलिसीच्या जन्मापासून क्लेमपर्यंतच्या सगळ्या अवस्था, कुठून कुठे जाता येतं, कुठे नाही, कुठली मुदत कशावरून मोजायची. त्यातून जावाचा कोड निघायचा आणि तो चालायचा. पुढे टूल बनवणारी कंपनी विकली गेली, टूल बंद झालं. एका जुन्या मशीनवर ते कसंबसं जिवंत ठेवलं होतं. त्या मशीनवर कुणीतरी कुंकू वाहून ठेवलं होतं, थट्टेने की श्रद्धेने ते आजतागायत कळलेलं नाही. 2023 संपता संपता ठरलं की हे असं चालणार नाही, नव्या प्लॅटफॉर्मवर जायलाच हवं.

वाद सुरू झाला तो तिथून. एक बाजू म्हणाली, मॉडेल विसरा. जनरेट झालेला कोड आपल्याकडे आहे, आजपासून तोच मूळ माना. दुसरी बाजू म्हणाली, तो कोड एआयला द्या, तो नव्या भाषेत करून देईल. मास्तर म्हणाले, कोड टाका आणि मॉडेल ठेवा. मॅनेजरच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की यातलं जे लवकर होईल ते करा.

मला तेव्हा मास्तरांचं म्हणणं हट्टाचं वाटत होतं की बरोबर, हे सांगणं अवघड आहे. माणूस आपल्या वीस वर्षांच्या कामाबद्दल बोलत असला की तर्क आणि माया वेगळी काढता येत नाही. निकाल लागला तो मार्च 2024 मध्ये, आणि तो लावला विमा नियामकाच्या नव्या नियमांनी.

बदल साधा होता. पॉलिसी हातात आल्यावर नापसंत असेल तर परत करायची मुदत असते, तिला फ्री-लुक म्हणतात. ती पूर्वी 15 दिवस होती (ऑनलाइन वगैरे घेतलेल्या पॉलिसीला 30). 1 एप्रिलपासून सरसकट 30 झाली. टीममधल्या सगळ्यात तरुण पोराकडे काम गेलं. त्याने जनरेट झालेला कोड उघडला, 15 शोधले, आणि दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, पंधरा खूप ठिकाणी आहे. कुठला पंधरा कुठला?"

कारण आमच्या धंद्यात आणखी एक पंधरा आहे. महिन्याचा हप्ता भरणाऱ्याला हप्ता चुकल्यावर मिळणारा ग्रेस पिरियड 15 दिवसांचाच असतो. तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्यांना 30. हे आकडे 2024 मध्येही बदलले नाहीत. म्हणजे एक पंधरा तीस व्हायला हवा होता आणि दुसरा पंधरा पंधराच राहायला हवा होता, आणि कोडमध्ये दोघे जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी उभे होते. त्या जुन्या जनरेटरने नावं गाळून नुसते आकडे उतरवले होते. त्याहून वाईट म्हणजे ग्राहकांच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये कुणीतरी कधीकाळी आमच्या कोडवरून बघून एकच स्थिरांक केला होता, 'डीफॉल्ट दिवस', आणि तो दोन्हीकडे वापरला होता. का नाही वापरणार? तेव्हा दोन्हीकडे पंधराच तर होते!

तो एक आकडा 30 केला असता तर काय झालं असतं, ते सांगते. महिन्याच्या महिन्याला हप्ता भरणारा माणूस, समजा एखादा रिक्षावाला, त्याला अ‍ॅप सांगेल की हप्ता भरायला अजून तीस दिवस आहेत. तो निवांत राहील. पॉलिसी सोळाव्या दिवशी बंद पडलेली असेल. विसाव्या दिवशी त्याला काही झालं तर त्याच्या बायकोच्या हातात अ‍ॅपचा स्क्रीनशॉट असेल आणि आमच्या सर्व्हरवर 'लॅप्स' असा शब्द. आयुर्विम्यात ग्रेसच्या काळात माणूस गेला तर संरक्षण चालू असतं, चुकलेला हप्ता कापून क्लेम मिळतो. माझे काका गेले तेव्हा त्यांचा हप्ता चुकून अकरा दिवस झाले होते. काकूला पैसे मिळाले आणि त्यावर माझ्या चुलतभावाचं इंजिनिअरिंग पूर्ण झालं. त्यामुळे हे चार दिवस इकडे की तिकडे, हा माझ्यासाठी कधीच नुसता आकडा नव्हता.

ही गफलत रिव्ह्यूमध्ये लक्षात आली, बाहेर गेली नाही. पण त्या संध्याकाळी मास्तरांनी ते जुनं मशीन चालू केलं आणि मॉडेल उघडून पोराला शेजारी बसवलं. मॉडेलमध्ये पंधरा नव्हताच मुळी. तिथे 'परत करण्याची मुदत' नावाची एक वस्तू होती, ती पॉलिसी हातात पडल्याच्या तारखेपासून मोजली जात होती. 'सवलतीचा काळ' ही दुसरी वस्तू, ती हप्ता देय झाल्याच्या तारखेपासून, हप्त्याच्या प्रकाराप्रमाणे. दोघांचं नातं काहीच नव्हतं. पंधरा हा योगायोग होता.

"अरे, हे इतकं स्वच्छ आहे?" पोरगा म्हणाला.

"स्वच्छ नाही रे," मास्तर म्हणाले, "वेगळं आहे. वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्यात, एवढंच."

त्यानंतर वाद फारसा झाला नाही. कोडमधून मॉडेल परत काढता येत नाही, हे सगळ्यांना दिसलं होतं. दोन गोष्टी एकदा एका आकड्यात विरघळल्या की त्या पुन्हा वेगळ्या करायला माणसाची आठवण लागते, आणि माणसं रिटायर होतात. एआयलाही कोड दिला तर तो पंधराचा फार सुंदर पंधरा करून देईल. तो कुठला पंधरा, हे त्या कोडमध्ये लिहिलेलंच नसेल तर त्याला तरी कसं कळणार? तो अंदाज करेल, आणि बहुतेक वेळा बरोबर करेल. 'बहुतेक वेळा' हे शब्द विम्यात चालत नाहीत.

मग आम्ही काय केलं? मॉडेल जुन्या टूलमधून बाहेर काढलं, चित्रं टाकून दिली आणि मजकूर ठेवला. आमच्यापुरती एक छोटी भाषा केली. साध्या टेक्स्ट फाइल्स, ज्या गिटमध्ये राहतात आणि ज्यांच्यातला बदल ओळीओळीने दिसतो. नवा जनरेटर स्वतः लिहिला. जुना साचा झिजला होता, पण मूळ मूर्ती शाबूत होती.

आणि सगळं मॉडेलमध्ये कोंबायचा मोह टाळला. उत्पादनं, पॉलिसीच्या अवस्था आणि मुदतींचे नियम एवढंच आत. स्क्रीन्स बाहेर, त्या हातानेच. जनरेट झालेल्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर दर बिल्डला पुसून नव्याने बनतो, म्हणजे त्यात हात घालायची कुणाची टापच नाही. पण मला सगळ्यात आवडलेला नियम मास्तरांचा. मॉडेलमधल्या प्रत्येक आकड्याखाली 'का' अशी एक ओळ असलीच पाहिजे. आकडा कुठल्या नियमातून आला, काय गृहीत धरलंय. ती ओळ नसेल तर जनरेटर कोड काढतच नाही, सरळ एरर देतो. सुरुवातीला लोक वैतागले. कुणीतरी 'का: मास्तरांनी सांगितलं म्हणून' असंही लिहून पाहिलं. रिव्ह्यूमध्ये मास्तरांनीच ते परत पाठवलं.

याचा कस लागला 2025 मध्ये. 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी माफ झाला, पण ग्रुप पॉलिसीवर तो राहिला. 'कर लागतो का' हा आमच्याकडे उत्पादनाचा गुण होता, त्यामुळे मॉडेलमधला बदल एका सकाळीत झाला. चमत्कार वगैरे नाही हं. पावत्यांचे नमुने, हाताने लिहिलेले रिपोर्ट आणि टेस्टिंग यात पुढचे कितीतरी दिवस गेलेच. फ्रेड ब्रूक्स यांनी 1986 मध्येच सांगून ठेवलंय की एका फटक्यात सगळं सोपं करणारी चांदीची गोळी आमच्या धंद्यात नाही. कामाचा मूळचा किचकटपणा कुठलंच टूल काढून घेऊ शकत नाही, ते फक्त वरून चढलेला किचकटपणा कमी करतं. पण त्या दिवसांत 'हा 18 कुठला' असं विचारत माझ्या टेबलापाशी कुणी आलं नाही.

उद्या लगेच स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये जनरेटर लिहायला बसण्याआधी एक विचार जरूर करा. डेव्हिड पारनास यांनी 1976 मध्ये 'प्रोग्रॅम्सचं कुटुंब' ही कल्पना मांडली. ज्यांच्यात फरकांपेक्षा साम्य जास्त, त्यांचा आधी एकत्र अभ्यास करावा, मग एकेकाचा. घरातला सोऱ्या आठवा. दांडा आणि नळी तीच, ताटली बदलली की चकली, शेव, गाठी. हे जमतं कारण तिन्हींचं कुटुंब एक आहे आणि बदलणारी जागा एकच, ती ताटलीची, हे आधी ठरलंय. पुरणपोळी सोऱ्यातून काढायला जाऊ नये. तुमचं उत्पादन एकुलतं एक असेल, किंवा काय बदलतं आणि काय बदलत नाही हे अजून तुम्हालाच माहीत नसेल, तर सरळ हाताने लिहा. आमच्याकडे सात-आठ कंपन्यांच्या पॉलिसी होत्या, म्हणून मॉडेलचा खर्च निघाला.

हल्ली मला तरुण मुलं विचारतात की एआय आता सांगितलं की कोड लिहून देतो, मग रीयूजची कटकट हवी कशाला? लागेल तेव्हा नवा लिहून घेऊ. अर्धं बरोबर आहे. आमचाच तो पोरगा जनरेटरच्या टेम्प्लेट्स आणि टेस्ट्स एआयकडून लिहून घेतो आणि झकास लिहून घेतो. पण मॉडेल आणि टेम्प्लेट तीच असतील तर आमचा जनरेटर शंभर वेळा चालवला तरी शंभरदा तोच कोड देतो. एआयला तेच वाक्य दोनदा सांगा, दोन वेगळे कोड येऊ शकतात. मूर्ती स्वस्त झाल्या म्हणून मूळ मूर्तीची किंमत उलट वाढलीये. कोड लिहिणं जितकं सोपं होईल तितका प्रश्न उरतो एवढाच, की नक्की काय लिहायचं हे कुणी ठरवलं, आणि का. पुन्हा वापरण्याजोगी चीज तीच आहे. कोड तर मॅकिलरॉयच्या कॅटलॉगमध्ये ढिगाने मिळतो.

मास्तर येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत. हँडओव्हरची मीटिंग ठेवूया का, असं मॅनेजरने विचारलं तेव्हा म्हणाले, "कशाला? प्रत्येक आकड्याखाली बसलोय मी."

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एक करून बघा. तुमच्या कोडमधला कुठलाही एक आकडा निवडा, 7, 30, 90, काहीही. आणि शेजारच्याला विचारा, हा कुठून आला? त्याला सांगता आलं तर ते आजच त्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. नाही सांगता आलं, तर ज्याला सांगता येईल तो माणूस अजून ऑफिसात आहे का, ते आधी बघा.